हवा मोजली, वाचणार कोण?

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असताना आठवड्यातून दोनदा मला कॉलेजच्या गच्चीवर चढावं लागे. पाण्याच्या टाकीशेजारी खांद्याएवढ्या उंचीचं एक यंत्र उभं होतं. खाली पत्र्याची पेटी, वर उतरतं छप्पर. नोंदवहीत त्याचं नाव 'रेस्पिरेबल डस्ट सॅम्पलर', आमच्या तोंडी नुसता 'सॅम्पलर' आणि कँटीनच्या मामांच्या तोंडी 'कबुतरखाना'. काम तसं सोपं. काचतंतूंचा पांढरा फिल्टर पेपर आदल्या दिवशी डेसिकेटरमध्ये ठेवून कोरडा करायचा, मिलिग्रॅमचा दहावा हिस्सा दाखवणाऱ्या काट्यावर त्याचं वजन घ्यायचं, चिमट्याने तो यंत्रात बसवायचा आणि बटण दाबायचं. आठ तास घरघर. मग तो कागद काढून दुसरा घालायचा. चोवीस तासांत असे तीन कागद.

यंत्र मिनिटाला साधारण १.१ घनमीटर हवा ओढतं, म्हणजे आठ तासांत ५२८ घनमीटर. एवढ्या हवेतून कागदावर ५३ मिलिग्रॅम धूळ बसली की घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम भरले. पीएम १० या धूलिकणांसाठी देशाने ठरवलेली चोवीस तासांची मर्यादा नेमकी एवढीच आहे. ५३ मिलिग्रॅम म्हणजे तांदळाचे दोन-तीन दाणे. पांढराशुभ्र गेलेला कागद राखाडी होऊन यायचा. थंडीत तर चहाच्या गाळणीखालच्या फडक्यासारखा. बोट लावायचं नाही, असा दंडक होता. मी एकदा लावलं. काजळीसारखं काहीतरी बोटाला आलं आणि ते साबणाने पहिल्या धुण्यात गेलं नाही.

वहीत शेवटचा रकाना 'शेरा' असा होता. त्यात आम्ही इमानेइतबारे लिहायचो: 'लाइट नव्हती, २.१० ते ४.४०'. 'पाऊस'. 'मागच्या मैदानात मांडव, डिझेल जनरेटर रात्रभर चालू'. 'कचरा पेटवला होता, वास सकाळपर्यंत'. वर्षाला किमान १०४ दिवस, म्हणजे आठवड्यातून दोनदा, अशी मोजणी व्हावी हे २००९ च्या राष्ट्रीय मानकांत लिहिलेलं आहे. ते आम्ही पाळत होतो. महिनाअखेर आकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जायचे.

त्या वर्षीच्या शहराच्या पर्यावरण अहवालात आमचे आकडे छापून आले. मी कौतुकाने ते पान उघडलं. बारा महिन्यांच्या बारा सरासऱ्या, एक रंगीत स्तंभालेख आणि खाली एक ओळ: शहरातील हवेची गुणवत्ता सर्वसाधारणपणे समाधानकारक आहे. आमच्या वहीत नोव्हेंबर ते फेब्रुवारीतले मर्यादा ओलांडलेले दिवस लाल शाईने गोल करून ठेवलेले होते. त्यातला एकही गोल अहवालात पोचला नव्हता, आणि शेऱ्याचा रकाना तर आकड्यांबरोबर कधी पुढे गेलाच नव्हता. कॉलेजचं आणि शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. राज्यातल्या दहा-बारा शहरांपैकी कुठलंही घातलं तरी हा परिच्छेद जसाच्या तसा चालेल.

तेव्हापासून असे अहवाल वाचायची मला खोडच लागली आहे. त्यातून झालेलं माझं मत सरळ आहे. हवा मोजायला आपण शिकलो, पण मोजलेलं वाचायचं काम कुणाच्याच गळ्यात घातलं नाही. हे काम महापालिकेच्या गळ्यात, कायद्याने आणि तारखेसकट घालायला हवं. एरवी यंत्रं वाढत जातील आणि अहवालांची पानं गुळगुळीत होत जातील, इतकंच.

आधी हे काम कुणाचं आहे ते पाहू. रस्त्यावर कचरा दिसला की आपण वॉर्ड ऑफिसला फोन करतो. धूर दिसला की? तिथेही तोच फोन फिरवतो, आणि पलीकडून उत्तर येतं, 'ते मंडळाकडे'. हे उत्तर चुकीचं नाही. १९८१ च्या हवा प्रदूषण कायद्याने अधिकार दिले ते राज्य मंडळाला. आपलं मंडळ त्याहून जुनं, १९७० सालचं, मूळ पाण्याच्या प्रदूषणासाठी स्थापलेलं. या कायद्यात नोटीस काढायचा आणि कारखाना बंद करायचा अधिकार मंडळाला आहे. महापालिकेचा संबंध आला तो दुसऱ्या दाराने. ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत शहरांच्या कामांची जी यादी दिली, तिच्यात आठव्या क्रमांकावर पर्यावरणाचं संरक्षण आहे. आणि राज्याच्या महापालिका कायद्याने आयुक्तांना बांधून घातलंय की दरवर्षी ३१ जुलैच्या आत शहराच्या पर्यावरणाचा सद्यस्थिती अहवाल सभागृहापुढे ठेवायचा.

म्हणजे ज्याच्याकडे अधिकार आहे त्याला शहर चालवायचं नसतं, आणि जो शहर चालवतो त्याला फक्त अहवाल छापायचा असतो. त्यात २०२२ पासून राज्यातल्या बहुतेक मोठ्या महापालिकांत नगरसेवकच नव्हते. अहवाल लिहिणारं प्रशासन आणि तो 'सभागृहापुढे' स्वीकारणारा प्रशासक, दोन्ही एकाच मजल्यावर. निवडणुका झाल्या त्या थेट जानेवारी २०२६ मध्ये. आता सभागृहं भरली आहेत, तर येत्या जुलैत त्या अहवालावर निदान एक तास चर्चा होते का, हे मी पाहणार आहे. आजवरचा अनुभव विचाराल तर 'अहवाल दाखल करून घेण्यात आला' एवढ्या पाच शब्दांत विषय संपतो.

अहवालांचा ढाचा ठरलेला असतो. लोकसंख्या, झाडं, वाहनं, ध्वनी, पाणी, हवा. वाहनांची संख्या अमुक टक्क्यांनी वाढली, असं एका प्रकरणात. वाहनांच्या धुरातून येणाऱ्या नायट्रोजन डायऑक्साइडचं प्रमाण अमुक चौकात जास्त आढळलं, असं दुसऱ्यात. दोन प्रकरणांची एकमेकांशी ओळख नसते. सगळा अहवाल चाळा, तुम्हाला 'म्हणून' हा शब्द सापडणार नाही. अमुक चौकात हवा वाईट आढळली, म्हणून तिथला बस थांबा हलवला. म्हणून त्या शाळेची सुटण्याची वेळ बदलली. म्हणून त्या गल्लीतल्या रेडीमिक्स प्लांटचा परवाना पुढच्या वर्षी नूतन केला नाही. असं एकही वाक्य नाही. उपाययोजनांचं प्रकरण शेवटी असतंच, पण ते कुठल्याही शहराच्या अहवालातून उचलून दुसऱ्यात चिकटवता येतं. बहुधा चिकटवलेलंच असतं.

आता पैशांकडे येते, कारण आकडा कुठला वाचायचा हे शेवटी पैसाच ठरवतो. जानेवारी २०१९ मध्ये केंद्राने राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम आणला. देशातली १३० शहरं त्यात आहेत, त्यातली १९ महाराष्ट्रातली; इतकी शहरं दुसऱ्या कुठल्याही राज्याची नाहीत. मुंबई, पुणे, नागपूर, ठाणे तर आहेतच, पण जालना, लातूर, सांगली, बदलापूरही आहेत. शिवाय दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांसाठी पंधराव्या वित्त आयोगाने हवेकरता वेगळा निधी ठेवला. महापालिकांच्या हाती हवेच्या नावाने पहिल्यांदाच पैसा आला, हे चांगलंच झालं. पण पैसा मिळायचा निकष काय? पीएम १० ची वार्षिक सरासरी किती उतरली, आणि 'चांगले दिवस' किती वाढले.

पीएम १० म्हणजे दहा मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. त्यात रस्त्यावरची माती, वाळू, सिमेंट, टायरची झीज हे सगळं येतं. फुप्फुसाच्या तळाशी जाणारे आणि तिथून रक्तात उतरणारे कण ते पीएम २.५, ते मुख्यतः जळण्यातून येतात. डिझेल, कोळसा, लाकूड, कचरा. शिवाय हवेतल्या वायूंपासूनही ते तयार होतात. निकष पीएम १० चा लावला की सगळ्यात स्वस्त आणि फोटोत दिसणारा उपाय म्हणजे रस्ता झाडणं आणि धुणं. झालंही तसंच. या कार्यक्रमाखाली खर्च झालेल्या पैशातला ६४ टक्के रस्त्यांच्या धुळीवर गेला आणि उद्योगांच्या धुरावर एक टक्कासुद्धा नाही, हे दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने २०२४ मध्ये मांडलं. यांत्रिक झाडूची गाडी, पाण्याचा फवारा उडवणारी तोफ, हिरवी झेंडी, नारळ. रस्ता धुऊ नये असं मी म्हणत नाही. मुंबईत सिमेंटचे रस्ते आणि मेट्रो एकदम निघाल्यावर धूळ खरीच होती. पण जालन्याचा त्रास पोलादाच्या भट्ट्यांचा, कोल्हापूरच्या आसपास गुऱ्हाळं आणि वीटभट्ट्या, आणि चंद्रपूरच्या उशाशी तर २,९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आणि कोळशाच्या खाणी. तिन्ही ठिकाणी झाडूची गाडी. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच.

आणि तो 'चांगला दिवस'. आपला हवा गुणवत्ता निर्देशांक ऑक्टोबर २०१४ मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री, आपल्या पुण्याचे प्रकाश जावडेकर यांनी जाहीर केला. एक आकडा, एक रंग, एक वर्णन. कल्पना उत्तम होती. त्याआधी सामान्य माणसाला मायक्रोग्रॅमची बाराखडी वाचावी लागे. पन्नासपर्यंत 'चांगली', शंभरपर्यंत 'समाधानकारक', दोनशेपर्यंत 'मध्यम'. निधीच्या हिशेबात मात्र निर्देशांक दोनशेच्या खाली असला की दिवस चांगला धरला जातो. निर्देशांकाच्या तक्त्यात दोनशे म्हणजे पीएम १० चे २५० मायक्रोग्रॅम. मर्यादा १०० ची. माझ्या गच्चीवरच्या भाषेत सांगायचं तर कागदावर ५३ मिलिग्रॅमऐवजी १३० मिलिग्रॅम धूळ बसली, तरी तो दिवस शहराच्या खात्यात चांगला म्हणून जमा. पीएम २.५ चंही तेच. 'समाधानकारक'ची वरची रेघ घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमवर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये चोवीस तासांसाठी सांगितलेली पातळी १५ आहे. चौपट हवेला आपण समाधानकारक म्हणतो. प्रगतिपुस्तक पाहून आईने रागावू नये म्हणून पास होण्याचे गुणच खाली आणावेत, तसं हे वाटतं.

सरासरीचा खेळ याहून सोपा. समजा एखाद्या शहरात पावसाळ्याच्या चार महिन्यांत पीएम २.५ पंधरा असतं, थंडीच्या चार महिन्यांत पंच्याहत्तर आणि उरलेल्या चारांत पस्तीस. वर्षाची सरासरी येते ४२ च्या आत-बाहेर. कायद्याची वार्षिक मर्यादा ४०. 'मर्यादेच्या आसपास' असं अहवालात लिहायला मोकळे. थंडीत ज्या दमेकऱ्याने चार महिने नेब्युलायझर लावला त्याला जुलैतल्या धुवाधार पावसाचा दिलासा परस्पर देऊन टाकला. मुंबईत तर पावसाच्या जोडीला समुद्राचा वारा आहे. तो वेळेवर वाहिला की प्रशासनाचं कौतुक, अडला की हवामानाचा दोष.

यंत्र कुठे ठेवलंय यावरही सगळं अवलंबून असतं, आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. केंद्रीय मंडळाच्या नियमाप्रमाणे यंत्राचं हवा घेणारं तोंड जमिनीपासून ३ ते १० मीटर उंच हवं, भोवती झाड-भिंत नको, वीज हवी, कुलूप हवं. सरकारी इमारतीची किंवा कॉलेजची गच्ची या सगळ्यात बसते. नियमामागे शास्त्र आहे. यंत्राला शहराची हवा कळावी, एकाच रिक्षाच्या नळीची कळू नये. पण त्यामुळे आकडा मिळतो तो गच्चीचा. पुण्यात नळस्टॉपला आणि स्वारगेटला कित्येक वर्षं अशी मोजणी चालू आहे. सिग्नलला दुचाकीवर थांबलेल्या बाईच्या पुढ्यात, टाकीवर बसलेल्या चार वर्षांच्या मुलाच्या नाकाशी काय हवा आहे, हे तो आकडा सांगत नाही. सांगणं त्याचं कामही नाही. ते दुसऱ्या कुठल्या तरी साधनाने मोजायला हवं होतं.

मुंबईत २०२३ नंतर काही हललं, हे मान्य करायला हवं. त्या ऑक्टोबरात उच्च न्यायालयाने हवेचा विषय स्वतःहून हाती घेतला. त्याच सुमारास महापालिकेने बांधकामांसाठी २७ कलमी नियमावली काढली. ७० मीटरवरच्या इमारतींना ३५ फूट उंच पत्रे, पाण्याचे फवारे, डेब्रिजच्या गाड्यांना ताडपत्री. आणि ३० डिसेंबर २०२४ ला आयुक्त भूषण गगराणी यांनी भायखळा आणि बोरिवली पूर्व भागातली बांधकामं थांबवायचा निर्णय जाहीर केला, कारण तिथला निर्देशांक दोनशेच्या वर गेला होता. काही आठवड्यांत बंदी उठली, तरी माझ्या लेखी ती घटना मोठी आहे. आकडा पाहिला, म्हणून काम थांबवलं. शेवटी एकदाचा 'म्हणून' आला.

पण त्याच घटनेत पुढची अडचणही दिसते. भायखळ्यात मोजणी केंद्र आहे म्हणून भायखळा सापडला. ज्या वॉर्डात केंद्रच नाही, तिथल्या बिल्डरला कोण आणि कशाच्या जोरावर थांबवणार? त्याच्या दृष्टीने न मोजलेली हवा ही स्वच्छ हवाच. मंडळ, पुण्याची उष्णदेशीय हवामान संस्था आणि महापालिका या तिघांची मिळून मुंबईत तीसच्या आगेमागे स्वयंचलित केंद्रं आहेत. सव्वा कोट लोकांना ती पुरत नाहीत, आणि एकेक केंद्र कोटीच्या घरात जातं म्हणून ती दुप्पट-तिप्पट होण्याची शक्यताही कमी.

माझी मावसबहीण इंग्लंडमध्ये स्लाऊला राहते. मागे तिने एक फोटो पाठवला. घरासमोरच्या दिव्याच्या खांबाला, हात वर केला तर जेमतेम पोचेल अशा उंचीवर, स्केचपेनच्या टोपणासारखी प्लॅस्टिकची नळी उलटी टांगलेली. 'हे काय लावलंय गं आमच्या दारात?' मला पाहूनच हसू आलं. पुस्तकात चित्र पाहिलेली वस्तू होती ती. सात सेंटिमीटरची नळी, आत बंद टोकाला रसायन लावलेली बारीक जाळी. खालचं तोंड उघडं. वीज नाही, मोटर नाही, कुलूप नाही. चार-पाच आठवडे टांगायची, उतरवून प्रयोगशाळेत पाठवायची. जाळीने किती नायट्रोजन डायऑक्साइड धरला त्यावरून त्या खांबापाशी महिन्याची सरासरी निघते. खर्च काही पौंडांचा. १९९५ च्या पर्यावरण कायद्याने तिथल्या स्थानिक कौन्सिलांवर हे बंधन घातलं की आपल्या हद्दीतली हवा तपासा, मर्यादा ओलांडणारा भाग नकाशावर रेघ मारून जाहीर करा आणि त्या भागासाठी कृती आराखडा लिहा. दरवर्षी त्याचा अहवाल द्या. बहिणीला मी कौन्सिलच्या संकेतस्थळावर तो अहवाल शोधायला लावला. त्यात एकेका खांबाची ओळ होती. रस्त्याचं नाव, नळीची उंची, रस्त्याच्या कडेपासून अंतर, जवळच्या घराची भिंत किती दूर, वर्षाची सरासरी. नळीचा आकडा स्वयंचलित यंत्राशी ताडून किती दुरुस्त केला, तेही लिहिलेलं. आमच्या शेऱ्याच्या रकान्याला तिथे मान होता.

म्हणून तिकडे सगळं आलबेल आहे असं कुणी समजू नये. लंडनच्या लुईशम भागात एला अडू-किसी-डेब्रा नावाची नऊ वर्षांची मुलगी फेब्रुवारी २०१३ मध्ये दम्याने गेली. घर साउथ सर्क्युलर या वाहत्या रस्त्याला लागून. घरापासून मैलभरावर मोजणी केंद्र होतं, आकडे रोज जमा होत होते. एलाला दवाखान्यात न्यावं लागलं ते दिवस आणि त्या केंद्राचे चढलेले आकडे जुळतात, हे प्राध्यापक स्टीफन होल्गेट यांनी दाखवलं ते २०१८ मध्ये, मूल गेल्यावर पाच वर्षांनी. डिसेंबर २०२० मध्ये चौकशी अधिकाऱ्याने तिच्या मृत्यूच्या कारणांत हवेच्या प्रदूषणाचा समावेश केला. ब्रिटनमध्ये असं प्रथमच घडलं. आईचं म्हणणं एवढंच होतं की मला कुणी सांगितलं असतं तर मी घर बदललं असतं. मोजणी होती, कायदा होता, अहवाल होते. ज्या घरासाठी तो आकडा होता त्या घरापर्यंत तो पोचला नाही. आणि कौन्सिलांनी वर्षानुवर्षं रेघा मारून ठेवल्या, पण मोठा रस्ता दुसऱ्या खात्याच्या ताब्यात असल्यामुळे हातावर हात, ही तिथलीही नेहमीची तक्रार आहे. तरी त्या आईला बोट ठेवायला आकडा होता. आमच्याकडे अशा आईच्या वकिलाने कुठला कागद काढावा?

गोवंडी घ्या. देवनारचं डम्पिंग ग्राउंड १९२७ पासूनचं. जानेवारी २०१६ मध्ये ते पेटलं तेव्हाचा धूर उपग्रहातून दिसला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. शेजारच्या माहुलमध्ये प्रकल्पग्रस्तांना रिफायनऱ्यांच्या कुशीत घरं दिली गेली. तिथल्या हवेचा रहिवाशांच्या तब्येतीला धोका आहे, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये म्हटलं, तरी माणसं तिथे पाठवली जात राहिली, ती २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने थांबवेपर्यंत. चेंबूरला 'गॅस चेंबर' म्हणायला लागून तोवर एक पिढी उलटली होती. ती हवा वाईट आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक असणं आणि पालिकेने सहीशिक्क्यानिशी 'या गल्लीतली हवा राहण्याजोगी नाही' असं लिहून देणं, यातलं अंतर तिथल्या लोकांनी फुप्फुसं झिजवून कापलं.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो मला बिनतोड वाटत आला आहे. महापालिका स्वतःच प्रदूषण करते. डम्पिंग तिचं, रस्त्याची खोदाई तिची, राडारोडा उचलण्याचं कंत्राट तिचं, बांधकाम परवानगीचा पैसाही तिचाच. तिलाच हवा मोजायला लावणं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. खरं आहे. म्हणून किल्ल्या दोघांत वाटाव्यात. यंत्रं, नळ्या, प्रयोगशाळा आणि त्यांची तपासणी मंडळाकडे किंवा विद्यापीठांकडे राहू दे. महापालिकेने आकड्याला हात लावू नये. तिने लिहायचं ते पुढचं. हा आकडा असा का आला आणि आमच्या हातात काय आहे. हातात बरंच आहे. बांधकाम परवानगी, बेकऱ्या आणि तंदूरच्या भट्ट्यांचं इंधन, स्मशानभूमीतली लाकडं, कचरा पेटवणारा झाडूवाला आणि त्याला कचरा उचलायला गाडी न देणारा मुकादम, बस किती आणि कुठल्या, शाळेसमोरचं पार्किंग. चंद्रपूरच्या वीज केंद्राला महापालिका टाळं लावू शकत नाही. पण 'आमच्या हवेचा मोठा वाटा त्या चिमणीचा आहे, आम्ही मंडळाला अमुक तारखेला लिहिलं आणि उत्तर आलेलं नाही' एवढं छापायला कुणाची परवानगी लागते?

दुसरा आक्षेप स्वस्त साधनांचा. अशा नळ्या आणि सेन्सर नेमके नसतात, दमट हवेत सेन्सर फसतात. फसतात खरे. आमचा सॅम्पलर तरी लाइट गेल्यावर काय करत होता? म्हणूनच आम्ही 'लाइट नव्हती' असं लिहायचो. साधन किती चुकतं हे माहीत असलं आणि ते शेजारी छापलं, तर पन्नास खांबांचे कच्चे आकडे एका गच्चीच्या पक्क्या आकड्याइतकेच उपयोगी पडतात. नळी फक्त नायट्रोजन डायऑक्साइड सांगते, तोही महिन्याचा. धूलिकणांना वेगळं साधन लागेल. पण आमच्या चौकात वाहनांचा धूर किती, एवढं तरी ती सांगेल.

ठाण्यासारख्या एखाद्या महापालिकेत स्वतःचा प्रदूषण नियंत्रण कक्ष आहे. बाकी ठिकाणी पर्यावरण विभाग म्हणजे एक अधिकारी, दोन कंत्राटी मुलं आणि वसुंधरा दिनाची रांगोळी स्पर्धा. निधीतून झाडूची गाडी घेता येते, माणूस नेमायला मात्र पद मंजूर नसतं. निकष बदलून पीएम २.५ घ्या आणि 'चांगला दिवस' शंभरच्या खाली आणा, मग तीच महापालिका भट्ट्यांचं सर्वेक्षण करायला चार माणसं कुठून तरी उभी करेल. पैशामागे आराखडा धावतो हे गेल्या सहा-सात वर्षांत दिसलंच आहे. तर पैसाच योग्य दिशेला पळवावा.

आमच्या घराजवळ एक शाळा आहे. दुपारी साडेबाराला सकाळचं सत्र सुटतं आणि दुपारचं भरतं, म्हणजे दोन सत्रांच्या रिक्षा, व्हॅन आणि पालकांच्या गाड्या एकाच वेळी फाटकासमोर, बहुतेक इंजिनं चालू. फाटकाला लागून दिव्याचा खांब आहे. आमच्या जुन्या विभागातल्या एका सरांनी नळ्या मागवून ठेवल्यात, प्रयोगशाळेचं तेच पाहणार आहेत. मी खांबावर वर्षभर एक नळी टांगायची परवानगी मागायला गेले. अर्ज घेणाऱ्या बाईंनी नळी हातात घेऊन उलटसुलट पाहिली, हुंगलीसुद्धा, आणि विद्युत विभागात पाठवलं. तिथले साहेब म्हणाले, खांब आमचा, पण हवा आमची नाही. पर्यावरणवाल्यांचं पत्र आणा. पर्यावरणचे अधिकारी त्या दिवशी वृक्षगणनेच्या बैठकीला गेले होते. दुसऱ्या खेपेला भेटले. माणूस चांगला निघाला, चहा पाजला, नळीत खरोखर रस घेतला. मग म्हणाले, 'मॅडम, लावायचं लावा हो. पण आकडा जास्त आला तर तो मी कुठे लिहू? आमच्या फॉर्मॅटमध्ये शाळेचं फाटक असा कॉलमच नाही.'

अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक घेऊन आलेय. सोबत एक कोरा कागद जोडून दिलाय, सहा रकाने आखलेला. शेवटचा रकाना शेऱ्याचा.